काकीच्या दिव्यातलं रॉकेल

आमच्या घराला गावात कोणी आडनावानं ओळखत नसे. पत्ता विचारणाऱ्याला 'दिव्याकडचं घर' एवढंच सांगायचं, की तो बरोबर येऊन पोचायचा. गाव टेकडीच्या पलीकडे, आणि आमचं एकटं घर अलीकडे, समुद्राच्या तोंडावर. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक जुना सागाचा खांब होता, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोर, आणि त्या दोरानं रोज तिन्हीसांजेला वर चढणारा मोठा कंदील. टेकडीवर देवळापाशी तसाच दुसरा कंदील गुरव लावायचा. आमच्या किनाऱ्यासमोर पाण्यात दोन खडप आहेत, भरतीला बुडणारे कातळ, आणि त्यांच्यामधून होडी जाईल एवढीच वाट. रात्रीचा परत येणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, लांबून हे दोन दिवे बघायचा. देवळाचा दिवा आमच्या दिव्याच्या बरोबर डोक्यावर दिसला की वाट सरळ आहे, सुकाणू तसंच धरायचं. जरा इकडेतिकडे सरकला तर खडप होडीचा तळ फाडणार. यात एक दिवा असून काही उपयोग नाही, दोन्ही हवेत. हा दिवा लावायचा मान आमच्या घराकडे कधीपासून होता कोण जाणे. मान म्हणायचं, पण काम बायकांचं होतं.

माझ्या लहानपणी ते काम काकीकडे होतं. काकी म्हणजे भाईकाकाची बायको. भाईकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, होडीचा तांडेल, गावातला सगळ्यात भरवशाचा. वडील, म्हणजे अण्णा, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. एक भाऊ खडूचा आणि एक मिठाचा, असं आई म्हणायची. भाईकाका आणि काकीला मूल नव्हतं, आणि मी अण्णांची एकुलती एक, त्यामुळे दोन जोडप्यांचं लाड करणं आणि दोन जोडप्यांचं ओरडणं माझ्या एकटीच्या वाट्याला. काकी रोज दुपारी उंबऱ्यात बसून कंदिलाची काच राखेनं पुसायची. मग वात कातरायची, रॉकेल ओतायची, आणि कंदील कानाशी धरून एकदा हलवायची. आतल्या रॉकेलचा आवाज ऐकून तिला कळायचं की हे सकाळपर्यंत जाणार की नाही. 'पुरतला' म्हणायची आणि ठेवून द्यायची. तिचा अंदाज चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दुसरी एक सवय म्हणजे, खाऱ्या हवेत काडेपेटी सादळते म्हणून रात्री ती कमरेला खोचून झोपायची. घरातली ती एकच कोरडी काडेपेटी. आणि झोपायची कशी, तर घोरत! अण्णा म्हणायचे की धुकं पडलं तर दिव्याची गरज नाही, होड्या आवाजावर येतील. काकी तोंडाला पदर लावून हसायची आणि रात्री पुन्हा घोरायची.

त्या वर्षी आकाशात धूमकेतू येऊन गेला होता. पेपरात त्याचा एवढा गाजावाजा झाला की आमच्या शाळेनंही एक दुर्बीण आणली, अडीच इंची, लाकडी पेटीत निळ्या मखमलीवर ठेवलेली. अण्णांनी पहाटे पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, ती लावली तेव्हा अर्धा गाव रांगेत उभा होता. प्रत्येकानं आत डोकावून बघितलं, काहीतरी पुसट दिसलं, आणि प्रत्येक जण 'बरा आसा' म्हणून चहाला गेला. भाईकाका रांगेत आलाच नाही. तो तिथेच होडीच्या काठावर बसून जाळं विणत होता. अण्णांनी हाक मारली तेव्हा म्हणाला, आकाश बघायला नळी लागत असेल तर आम्ही आजवर काय बघत होतो? अण्णा त्याच्यावर चिडले. सख्खे भाऊ असून दोघांच्या आकाशांची कधी गाठ पडली नाही. एकाचं पुस्तकातलं, दुसऱ्याचं घरी यायच्या वाटेचं.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि शाळेत वाळवी फार म्हणून दुर्बीण आमच्या घरी आली. मी बारावीची परीक्षा देऊन बसले होते. ज्यांना बारावीचा निकाल आणि कोकणातला मे महिना एकदम भोगावा लागला असेल त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. दिवसभर घाम, फणसाचा वास, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात, वर थंड सोलकढी, आणि मग काही म्हणता काही काम नाही. संध्याकाळी मात्र अण्णा आणि मी दुर्बीण घेऊन पुळणीवर जायचो, खडपाच्या बाजूला, जिथे आमच्या दिव्याचा उजेड माडांमुळे पोचत नसे. अण्णांची शिस्त कडक. आधी वीस मिनिटं अंधारात नुसतं बसायचं, बोलायचं नाही, विडी पेटवलेल्या माणसाकडेसुद्धा बघायचं नाही, कारण एकदा डोळ्यांत उजेड गेला की पुन्हा वीस मिनिटं. मग पश्चिमेला पुष्याचा पुंजका बघायचा. नुसत्या डोळ्याला फुंकर मारल्यासारखा दिसणारा, नळीतून बघितला की चाळीस-पन्नास तारे. एखादी पुसट वस्तू दिसत नसेल तर तिच्याकडे थेट बघायचं नाही, जराशी बाजूला नजर ठेवायची, मग ती आपोआप दिसायला लागते. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी मोठ्यानं ओरडले आणि अण्णांनी पाठीत थाप मारली. ती थाप मला अजून आठवते, कारण अण्णा हात लावून कौतुक करणारे नव्हते.

एक गोष्ट मात्र आम्हाला मिळत नव्हती. दक्षिणेला, चित्रा नक्षत्राच्या सरळ खाली, नरतुरंग नावाच्या तारकासमूहात, लाखो ताऱ्यांचा एक गोळा आहे असं अण्णांच्या पुस्तकात होतं. विलायतेतल्या लोकांना तो दिसतच नाही, आपल्याकडे दिसतो, तोही याच दिवसांत. पण पुळणीवरून दक्षिणेला डोंगराचं नाक आडवं यायचं. आमच्या खळ्यातून, दोन माडांच्या मधून, ती दिशा मोकळी होती. पण खळ्यात दिवा होता. मी एकदा म्हटलं, जरा वेळ दिवा खाली घेऊया का? अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. 'पुढच्या वर्षी होस्टेलच्या गच्चीवरून बघ' म्हणाले, आणि विषय संपला.

मग खारेपाटणला आईच्या माहेरचं लग्न निघालं. अण्णा आणि आई दोन दिवसांसाठी गेले. मी पोट दुखतंय म्हणून राहिले. पोट दुखत नव्हतं. अमावास्या एका दिवसावर होती, आकाशात चंद्राचा पत्ता नाही, आणि घरात फक्त काकी. हे मी आधीच ठरवलं होतं, त्यामुळे नकळत झालं असं मला म्हणता येत नाही. भाईकाका दुपारी चार जणांना घेऊन समुद्रात गेला होता. रात्रीची जाळी टाकून होड्या परत यायच्या त्या पहाटे, उजाडायच्या जरा आधी. त्याआधी होडी आल्याचं मी सतरा वर्षांत बघितलं नव्हतं. त्या दिवशी रेशनचं रॉकेल आलं नव्हतं. काकीनं बाटली उपडी करून होतं नव्हतं ते कंदिलात ओतलं, कानाशी धरून हलवलं, जरा थांबून पुन्हा हलवलं. मग 'पुरतला' म्हणाली. पण दोनदा हलवलं होतं, हे तिच्याही लक्षात राहिलं आणि माझ्याही.

पेज जेवून काकी आडवी झाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. मी दुर्बीण खळ्यात मांडली. चित्रा माथ्याकडे चढली होती. पण डोळ्यांवर दिव्याचा झोत, माडांची पानं पिवळी, आकाश राखेसारखं. दोराची गाठ सोडली, कंदील हळूहळू खाली घेतला, खांबाच्या बुडाशी ठेवला. तरी उजेड सगळीकडे सांडत होता. तुळशीपाशी काकीचा पाण्याचा हंडा रिकामा होता, तो मी कंदिलावर उपडा घातला. दहा मिनिटं, असं मी स्वतःला सांगितलं. विज्ञानाच्या मास्तरांची मुलगी मी, हंड्याखाली दिव्याचं काय होतं हे सातवीच्या पुस्तकात असतं, पण त्या घटकेला ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

अंधार झाला आणि आकाश खाली उतरलं. चित्रेपासून सरळ खाली नजर नेली. दोन माडांच्या मधे, अंगणाच्या पेळेच्या, म्हणजे कडेच्या बसक्या भिंतीच्या, दोन हात वर, एक तारा होता जो इतरांसारखा टोकदार नव्हता. कोणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. नळी त्याच्यावर आणायला मला बराच वेळ लागला. आणि मग तो आत आला. पहिल्यांदा नुसता पांढुरका गोळा, भाकरीच्या पिठाच्या उंड्याएवढा मोठा. मी नजर जराशी बाजूला नेली. आणि त्याच्या कडा दाणेदार झाल्या. दाणे, अगदी बारीक, रव्यासारखे, आणि प्रत्येक दाणा एक सूर्य. मला रडू आलं, हे मी न लाजता सांगते, कारण पुढे शिक्षिका म्हणून मी तो गोळा शेकडो मुलांना दाखवला, मोठ्या दुर्बिणींतून बघितला, आणि पुन्हा कधी रडले नाही. त्या क्षणी मला वाटलं की हे मी एकटीनं मिळवलंय. कोणी थाप मारायला नव्हतं तरी चाललं.

किती वेळ गेला असेल सांगता येत नाही. नंतर हंडा उचलला तर खाली काळोख. कंदील विझलेला, काच गार व्हायला लागलेली. काडेपेटी काकीच्या कमरेला. ती घ्यायची म्हणजे तिला उठवायचं, उठवायचं म्हणजे सांगायचं. इथे मी जे केलं ते मला आजही नीट लिहिता येत नाही, म्हणून साधं लिहिते. मी विझलेला कंदील दोरानं परत वर चढवला. होड्या पहाटे येणार, पहाटेच्या आधी काकी उठतेच, वाऱ्यानं गेला म्हणेल, लावेल. आणि मग मनात आलं की आता दिवा गेलाच आहे, तर असा अंधार पुन्हा मिळायचा नाही. मी परत नळीला डोळा लावला.

समुद्राच्या बाजूनं डबा बडवल्याचा आवाज येत होता. मे महिन्यात आमच्याकडे रानडुकरं काजूच्या बागांत उतरतात, राखणदार रात्रभर रॉकेलचे रिकामे डबे बडवत असतात. मला वाटलं तेच. समुद्राच्या गाजेत आवाजाची दिशा कळत नाही, हे खरं आहे. पण मी दिशा ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही, हेही खरं आहे. तो पुसट गोळा माडाआड गेला तेव्हा मी दुर्बीण पुसून पेटीत ठेवली, आणि काकीला उठवायचं म्हणून तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि बसल्या बसल्या झोपले.

जाग आली ती माणसांच्या आवाजानं. उजाडलं होतं; नेमकी त्या पहाटे काकीलाही वेळेवर जाग आली नव्हती. काकी पुळणीकडे धावत होती, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. चार जण भाईकाकाला धरून वाळूतून आणत होते. रात्री जाळं ओढताना दोराचा फास त्याच्या उजव्या हाताला बसला होता, तीन बोटं चिरडली होती. रक्त थांबेना म्हणून त्यांनी मनगटावर कापड करकचून बांधलं आणि जाळं तोडून तसेच घराकडे वळले. घटकाभरात किनारा लागेल या हिशेबानं बांधलेलं कापड. वाटेशी आले तर देवळाचा दिवा आहे आणि खालचा नाही. बरोबरचे म्हणत होते, अंदाजानं घालूया. भाईकाका म्हणाला, चौघांच्या घरात पोरं आहेत, माझ्या हातासाठी मी होडी खडपावर घालायचा नाही. नांगर टाकला. डबे बडवले. कापड सोडलं की रक्त उसळायचं, पुन्हा बांधायचे. अशी ती सगळी रात्र त्यांनी आमच्या खळ्यासमोर काढली, हाकेच्या जरा पलीकडे.

मी खळ्यात उभी होते. सगळे पुळणीवर. मला एवढंच दिसत होतं की आता कोणीतरी कंदील उतरवणार, कानाशी हलवणार, आणि आत अर्ध्याहून जास्त रॉकेल खळखळणार. मी दोर सोडला, कंदील खाली घेतला, टाकीचं झाकण काढलं आणि सगळं रॉकेल खांबाजवळच्या अबोलीच्या बुडाशी ओतलं. मग कंदील वर चढवला. या वेळी मला जराही वेळ लागला नाही. आदल्या रात्री झाली ती चूक होती असं मी स्वतःला समजावू शकते. या सकाळच्या कामाला चूक म्हणता येत नाही.

भाईकाकाला ओट्यावर निजवून काकी धावत आली ती थेट दिव्याशी. कंदील उतरवला, कानाशी धरला. हलवला. पुन्हा हलवला. तिचं तोंड मी विसरू शकत नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "शालू, दिवो कधी गेलो गो?"

"मी झोपले होते," मी म्हटलं.

ती खाली बसली. म्हणाली, "मीच कमी घातलंय."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटं पूर्ण आणि तिसरं अर्धं काढलं. रात्रभर आवळलेल्या कापडानं ती काळी पडली होती. लगेच आले असते तर बहुतेक वाचली असती, असं ते अण्णांना म्हणाले, आणि अण्णांनी ते घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं, पण अण्णा खरं बोलणारे होते. ऐकून काकी चुलीपुढून उठली नाही. कोणी तिला एका शब्दानं बोललं नाही. भाईकाका तर नाहीच. गावातल्या बायका येऊन म्हणून गेल्या की होतं असं, नशिबात असेल ते चुकत नाही, आणि हे म्हणताना प्रत्येकीची नजर एकदा खांबाकडे जायची. होडीवर दुसरा तांडेल आला. भाईकाका तो पावसाळा ओट्यावर बसून डाव्या हातानं जाळं विणायला शिकला. पावसात खळ्यात सगळं माजलं, तेवढी खांबाजवळची अबोली मात्र वाळून काटकी झाली. काकीनं दोनदा तिथे नवी लावली, दोन्ही जळल्या.

निकाल चांगला लागला. मी कोल्हापूरला कॉलेजात गेले, भौतिकशास्त्र घेतलं. लांब राहिलं की मन हलकं होतं असं म्हणतात, माझं झालं नाही. प्रत्येक सुट्टीत घरी आले की रात्री एक आवाज ऐकायचा. काकी उठली, कडी काढली, कप्पी करकरली, कंदील खाली आला, खळखळ, पुन्हा वर. एका रात्रीत दोनदा, कधी तीनदा. आता ती टाकी तोंडापर्यंत भरायची, तरी उठायची. घोरणं बंद झालं होतं. आई म्हणाली, तिला नीट झोप अशी लागतच नाही. माणूस सहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारं कसं दिसायला लागतं ते मी बघत होते, आणि त्याचं कारण घरात फक्त मला माहीत होतं. असं मला वाटत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात अण्णांनी पुन्हा दुर्बीण आणली. या वेळी होडीतून डोंगराच्या नाकापलीकडच्या पुळणीवर जायचं ठरलं, तिथून दक्षिण मोकळी. आणि काय आश्चर्य, भाईकाका म्हणाला, मी पण येतो. अण्णांनी तो गोळा शोधला, आनंदानं त्यांचा आवाज चढला. स्वतः बघितलं, मला दाखवलं. मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखं 'अरे वा' म्हटलं. मग अण्णा खाण्याचा डबा आणायला होडीकडे गेले, आणि भाईकाका नळीपाशी वाकला. डाव्या हातानं दुर्बिणीच्या तिवईचा पाय धरून, उजवा हात पाठीमागे ठेवून. बराच वेळ बघत राहिला.

"हो तर आमचो पुसट तारो," तो म्हणाला. "हेका मी वळाखतंय. त्या राती हो दर्यात मावळलो तेवा माका कळला, आता उजाडूक लय वेळ नाय." मग डोळा न काढता, अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं, "तुका बरो दिसलो होतो मां त्या राती?"

मी वाळूत बसले. तो होडीतून बघत होता तेव्हा आमचा दिवा लांबूनच त्याच्या नजरेत होता. रॉकेल संपलेला दिवा आधी लाल होतो, फडफडतो, मग जातो. हा सरळ खाली उतरला होता आणि नाहीसा झाला होता. आणि नंतर पावसाळाभर तो त्या वाळलेल्या अबोलीसमोर बसला होता, आणि रॉकेलचा वास काय पावसानं जात नाही. सगळं त्यानं मला थोडक्या शब्दांत सांगितलं. मी रडत होते, माफी मागत होते, काय काय बोलत होते. तो नळीपासून सरळ झाला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. दोन वर्षं का बोलला नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, मी सांगून काय उपयोग, तुझ्या तोंडून यायला हवं होतं.

"काका, मला माफ कर," मी पुन्हा म्हटलं.

"माझी बोटां माझी होती. ती मी तुका कधीच सोडलंय," तो म्हणाला. "पण रॉकेल तिचा. ता सोडूचो अधिकार माका नाय. ता तिका सांग."

अण्णा डबा घेऊन आले. आम्ही तिघांनी घावणे खाल्ले. भाईकाका मुद्दाम अण्णांना ताऱ्यांबद्दल विचारत होता. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि अण्णा इतके खूश झाले की त्यांना माझ्याकडे बघायचं भान राहिलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा काकी खळ्यात जागी होती. आमची होडी लागलेली बघून रॉकेल तपासायला उतरवलेला कंदील जळताच तिच्या मांडीशी. अण्णा आत गेले, भाईकाका ओट्यावर माझ्यासाठी जरा थांबला, मग तोही आत गेला. मी काकीपुढे बसले आणि सांगितलं. खारेपाटणचं लग्न, खोटं पोट दुखणं, हंडा, काडेपेटी, डब्यांचा आवाज, अबोली. काही वगळलं नाही. मला वाटत होतं ती मारील. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हेही तितकंच खरं. पण ती कंदिलाकडे बघत ऐकत राहिली.

मग तिनं विचारलं, "किती होता?"

मला आधी कळलं नाही. "काय किती?"

"ओतलंस तेवा. दिव्यात रॉकेल किती होता?"

"अर्ध्याहून जास्त, काकी. पाऊण टाकी असेल."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. वातीचे तास असतील. "म्हणजे सकाळपर्यंत पुरला असता."

"हो. उजाडून वर राहिलं असतं."

तिनं मान हलवली. दोनदा, तीनदा. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही. मला जवळ घेतलं नाही की दूर लोटलं नाही. पुढे कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते मला पटत होतं. मी पस्तिशीची झाले तेव्हा कुठे तिनं एकदा या सगळ्याची थट्टा केली, आणि त्या दिवशी मला कळलं की आता सुटले. पण ते फार पुढचं. त्या रात्री तिनं फक्त कंदील माझ्यापुढे सरकवला, कमरेची काडेपेटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बस हयसर."

ती आत गेली. मी कंदील वर चढवला, दोराची गाठ मारली आणि खांबाला टेकून बसले. दुर्बिणीची पेटी तशीच बंद पडून होती. चित्रा पश्चिमेला उतरायला लागली होती, दक्षिणेला माडांच्या मधे काय असेल ते मला माहीत होतं, पण मी वर बघितलं नाही, दिव्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं आतून आवाज आला. आधी वाटलं कोणी लाकूड ओढतंय. मग ओळखलं. काकी घोरत होती. ओट्यावर अंधारात भाईकाका येऊन उभा राहिला, त्यानंही ऐकलं, आणि परत आत गेला.

पहाटे होड्या आल्या, वाळूवर माणसांचा गलका झाला, बांगड्यांच्या टोपल्या उतरल्या, तरी काकी उठली नाही.